शांतीलालच्या नावाची मूठ

कोरीटमध्ये कोणालाही विचारा, तो सांगेल की दगा पाटलाने खुर्चीपायी पाठचा भाऊ तोडला. सांगताना मान हलवेल, जमलं तर एक सुस्काराही सोडेल. गावाला अशी गोष्ट फार आवडते. त्यात एक मोठा माणूस असतो, त्याची हाव असते, आणि सांगणारा त्यात कुठेच नसतो. दगा पाटील जिवंत होता तेव्हा हीच मंडळी त्याच्या ओट्यावर बसून चहा पीत, आणि गल्लीच्या वळणापलीकडे गेली की हेच बोलत. अनुसयाबाई, म्हणजे दगाची बायको, सगळं ऐकत आली आणि मूग गिळून बसली. खरं काय घडलं ते दोघांनाच ठाऊक होतं, तिला आणि दगाला.

गुजरांच्या त्या घरात ती सून म्हणून आली तेव्हा धाकटा दीर शांतीलाल चार वर्षांचा होता. दोन पावसाळ्यांत सासू तापाने गेली. पोराचा हात सुनेच्या हातात देऊन तिने डोळे मिटले, असं काही झालं नाही; शेवटी तिला कोणी ओळखूच येत नव्हतं. पोरगं आपलं आपणच भाबीच्या पदराला चिकटलं. ती कापूस वेचायला निघाली की तिच्या मागे, विहिरीवर गेली की तिच्या मागे. पुढे तिला स्वतःच्या दोन मुली झाल्या, मोठ्या होऊन सासरी गेल्या, पण धपाटा आणि दुधावरची साय या दोन्हींवर पहिला हक्क शांतीलालचाच राहिला. तो शिकून मास्तर झाला आणि खांडबाऱ्याच्या शाळेत लागला, तेव्हा नंदुरबारच्या बाजारात ओळख ना पाळख अशा बायकांनासुद्धा ती ते सांगत सुटली होती.

त्याचं लग्नही तिने मनात ठरवून टाकलं होतं. तिच्या भावाची मुलगी सिंधू, नाकीडोळी नीटस, हाताला कामाची सवय. भावाला तिने शब्द देऊन टाकला. शांतीलालला विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही. आपणच वाढवलेलं पोर, त्याला विचारायचं कशाला, असं तिला वाटे.

एकोणीसशे एकोणसाठच्या उन्हाळ्यात शांतीलाल एकटाच घरी आला आणि चहाची बशी हातात असतानाच म्हणाला, "भाबी, मी लगीन करी लिन्हं."

मुलगी खांडबाऱ्याजवळच्या एका पाड्यावरची होती. नाव रेवाबाई. कोकणी या आदिवासी जमातीची, घरात येशूची प्रार्थना चालायची, बाप करमसिंग डोंगरउतारावर भात आणि नागली पिकवायचा. ती त्याच शाळेत शिकवत होती. दोघांनी धुळ्याच्या कचेरीत जाऊन सह्या केल्या होत्या आणि मग घरी कळवायला तो आला होता.

दगाने आकाशपाताळ एक केलं. ताट भिरकावलं, पागोटं आपटलं, तोंड दाखवू नको म्हणाला. पण दगाचा राग दुधासारखा होता, भरकन वर येई आणि लाकूड ओढलं की खाली बसे. पोळ्याच्या आधीच तो बायकोला विचारू लागला होता की खांडबाऱ्याला पाणी कसं आहे, शांत्याला तिथलं मानवतं का.

अनुसयाबाई मात्र त्या दिवशी ओरडली नाही आणि रडलीही नाही. शांतीलालच्या हातातली बशी घेऊन तिने विसळून ठेवली. मुलगी कोण, कुठली, कोणत्या देवाची, याचं तिला खरं तर तितकं काही नव्हतं. गावापुढे तिने त्याचंच निमित्त केलं. तिला सलत होतं ते वेगळंच. त्याने आधी आपल्याला सांगितलं नाही. अंगावरचं गोवर-कांजिण्यांचं प्रत्येक दुखणं ज्याने आपल्याजवळ काढलं, तो जन्माची गोष्ट करून आला आणि मग सांगतो. वरून भावाकडे आपली मान खाली गेली ती गेलीच. सिंधूचं लग्न भावाने घाईघाईत दुसरीकडे उरकलं आणि बहिणीला बोलावलंसुद्धा नाही.

श्रावण आला. खानदेशात श्रावणातल्या रविवारी कानबाई बसवतात. नारळाची देवी मांडायची, तिला नथ-दागिने घालायचे, रात्रभर गाणी म्हणायची आणि सोमवारी नदीवर पोचवून यायची. या सणाचा जीव असतो तो रोटात. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे, मूठ टाकताना नाव उच्चारायचं, ते सगळे गहू एकत्र दळायचे आणि त्याच पिठाचा स्वयंपाक करायचा. हा रोट भाऊबंदांनीच खायचा. परक्याला त्यातला घास द्यायचा नाही. या घराच्या रीतीप्रमाणे सासरी गेलेल्या लेकींनाही नाही. ज्याच्या नावाची मूठ पडली तो कुळातला. ज्याच्या नावाची पडली नाही त्याला कोणी हाकलायला जावं लागत नाही, तो आपोआप बाहेर झालेला असतो. आणि मूठ टाकायची ती घरातल्या कर्त्या बाईच्या हाताने.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ग्रामपंचायतीची निवडणूक होती. दगाला सरपंच व्हायचं होतं. नुसतं व्हायचं नव्हतं, त्याला त्याची स्वप्नं पडत होती. आधी सरपंच, मग तालुका, मग धुळे. त्याने दोन पांढरी धोतरं आणून पेटीत ठेवली होती, आणि अनुसयाबाईने एकदा ती पेटी उघडून, धोतरांवरून हात फिरवून, सरपंचाची बायको कशी चालत असेल याचा विचारही करून पाहिला होता. माणूस एकटा हावरा नसतो, घरात त्याला साथ असते.

भाऊबंदांची मतं होती धुडकूआबाच्या मुठीत. आबा दगाचा चुलता, कुळातला सगळ्यात वडीलधारा, अंगाने वाळलेला पण जिभेने अजून हिरवा. शुक्रवारी संध्याकाळी तो आला, खाटेवर बसला, पान जमवलं, तोंडात टाकलं आणि मग बोलला.

"दगा, शांत्यानी मूठ पडी तं आमनामाईन कोनी तुन्हा घरना रोटले हात लावनार नही. मंग सरपंचकी तू आनि तुन्हा भाऊ मिळीसन करा."

दगा म्हणाला, "देखसू, आबा." एवढंच. आबा गेल्यावर तो जेवायला बसला आणि अर्ध्या ताटावरून उठला.

शनिवारी सकाळी अनुसयाबाई गव्हाचं सूप पुढ्यात घेऊन बसली होती. दगा शेतावर निघाला, दारापर्यंत गेला आणि परत फिरला. तिच्याकडे न पाहता, चौकटीला हात लावून तो म्हणाला, "आयकं का. शांत्यानी मूठ टाकजो. गई ती सरपंचकी खड्डामा. माले एकच भाऊ शे."

तिने मान हलवली. दगा निघून गेला.

तिने पहिली मूठ घेतली, दगाचं नाव घेऊन परातीत टाकली, वर पाव मूठ टाकली. मग पुन्हा सुपात हात घातला. मूठ भरली. नाव ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. तिला एकदम वाटलं, का? त्याने एकदा येऊन म्हणावं ना, भाबी, चुकलं. पायावर डोकं ठेवायलाही नको, नुसतं जवळ बसून म्हणावं. मग मी एक सोडून दहा मुठी टाकीन. तिने हात सैल केला आणि गहू परत सुपात सोडले. दळण दुपारी आहे, तोवर वाट पाहू, असं तिने ठरवलं. आज येईल तो. नेहमी सणाच्या आदल्या दिवशी येतो.

तो आला नाही. तिने दोनदा जात्याजवळून उठून गल्लीत पाहिलं. भाऊबंदांच्या बायका आपापल्या घरचे गहू घेऊन दळायला आल्या. त्यांनी परातीत पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि एकीने मुद्दाम विचारलं की या घरचं नाव एकच का. अनुसयाबाई जात्याकडे वळली. तिने खुंटा धरला. जातं फिरायला लागलं तेव्हा तिने मनाची समजूत घातली: एकच वर्ष. एक वर्ष राहू दे त्याला बाहेर, कळू दे भाबी काय चीज असते. पुढच्या श्रावणात मीच टाकीन. किती साधं वाटलं होतं तिला ते. दिवेलागणीपर्यंत धुडकूआबाला बातमी पोचली होती आणि आबा खुशीत होता. दगापर्यंत ती कोणी नेली नाही; त्यानेच नको म्हटलं असणार, असं जो तो धरून चालला.

रविवारी शांतीलाल आला, रेवाबाईला घेऊन. गाडीने नंदुरबारला उतरून, पुढे बैलगाडीत बसून आले होते ते. अंगणात सगळे भाऊबंद जमले होते, कानबाई पाटावर बसली होती, गिलक्यांची भजी तळली जात होती. रेवाबाई ओट्याच्या खालीच थांबली. तिला कोणी वर ये म्हणालं नाही आणि खाली जा असंही म्हणालं नाही. शांतीलाल सरळ चुलीपाशी आला. मुलगाच तो, इतक्या माणसांत त्याला फक्त भाबीच दिसत होती. हसत हसतच त्याने विचारलं, "भाबी, मन्ही मूठ टाकी ना?"

अनुसयाबाई त्याच्याशी आयुष्यात खोटं बोलली नव्हती. खरं सांगायचा धीर झाला नाही. तिने कढईत झारा फिरवला आणि म्हणाली, "तुन्हा दादाले इचार."

शांतीलाल वळला. आबा नमला असं समजून दगा भाऊबंदांच्या मध्ये बसला होता. भावाला पाहून त्याच्या तोंडावर नुकतंच हसू आलं होतं, ते तसंच राहिलं. त्याने बायकोकडे पाहिलं. ती नजर अनुसयाबाई विसरली नाही. त्यात राग नव्हता. आधी त्याला कळलंच नव्हतं, मग कळलं, आणि मग त्याने झटकन काहीतरी ठरवलं. खरं सांगायला त्याला एक वाक्य पुरलं असतं. पण सगळ्या कुळासमोर, नवऱ्याने सांगूनही, स्वतः वाढवलेल्या पोराची मूठ अडवली म्हणून बायको बदनाम झाली असती. दगाने मान खाली घातली.

"नही टाकी," तो म्हणाला. "मीच नको म्हनं."

"सरपंचकीसाठे?" शांतीलालने विचारलं.

"तसंच समज."

शांतीलाल ओट्यावरून खाली उतरला. मग रेवाबाईला घेऊन आल्या वाटेने निघून गेला. धुडकूआबा मोठ्याने म्हणाला की दगा पाटलाने कुळाची इभ्रत राखली, आणि सगळे रोट खायला बसले. दगानेही खाल्ला. अनुसयाबाईने त्याला वाढलं, त्याने आणखी मागितलाही.

तिला वाटलं होतं, लोक गेले की तो बोलेल. ओरडेल, निदान विचारेल. रागावला असता तर तीही रडली असती, भांडली असती, आणि सकाळी दोघं मिळून खांडबाऱ्याला गेली असती. पण दगाने हात धुतले आणि म्हशीला चारा टाकायला गेला. दुसऱ्या दिवशीही तो त्याविषयी बोलला नाही, त्या वर्षातही नाही. तो सरपंच झाला. पेटीतली धोतरं निघाली. तालुक्याच्या सभांना जाऊ लागला, गावात शाळेची खोली आली, रस्त्यावर मुरूम पडला. काम चांगलं केलं त्याने, कोणी नाकारणार नाही. फक्त सभेहून आल्यावर बायकोला तिथल्या गमती सांगायची त्याची सवय गेली.

पुढच्या श्रावणात अनुसयाबाईने मूठ टाकली. शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात शांतीलालचं नाव घेतलं. आबा कुरकुरला, पण सरपंचाच्या घरात आता त्याचं फारसं चालत नव्हतं. खांडबाऱ्याच्या बाजाराला जाणाऱ्या एकाजवळ तिने निरोप दिला की ये. उलट निरोप आला: दादाला स्वतः येऊ दे. दगाने तो ऐकला आणि तंबाखू मळत राहिला. जे केलंच नाही त्याची माफी मागायला त्याची जीभ वळेना, आणि खरं सांगायचं तर बायकोचं नाव घ्यावं लागत होतं.

म्हणजे जायचं होतं ते तिनेच. नंदुरबारला गाडीत बसलं की खांडबारा काही दूर नाही. दर वर्षी ती ठरवी आणि दर वर्षी राहून जाई. घरात कामं काय कमी असतात, असं ती स्वतःला सांगे. पण खरं कारण तिला ठाऊक होतं. खांडबाऱ्याहून कोणीही आलं की सांगे, मास्तर विचारत होते, भाबी कशी शे? दादाचं नाव नाही, फक्त भाबीचं. सगळ्या कोरीटमध्ये शांतीलालने आपली म्हणून एकटी भाबीच ठेवली होती. ते तेवढं सोडायला ती तयार नव्हती. नवऱ्याच्या पदरात पडलेला दोष आणि आपल्या पदरात पडलेली माया, दोन्ही चुकीच्या ठिकाणी आहेत हे तिला दिसत होतं, आणि तरी तिने ते तसंच राहू दिलं. माणूस इतका लबाड असू शकतो, आणि तो रोज देवापुढे दिवाही लावतो.

सदुसष्ट सालच्या हिवाळ्यात दगाच्या छातीने दगा दिला. नंदुरबारला दवाखान्यात ठेवला. बाहेर सगळीकडे मिरची वाळत पडलेली, तिच्या तिखट खकाण्याने त्याला ठसका लागे आणि प्रत्येक ठसक्याबरोबर तो थोडा कमी होई. एका दुपारी तो म्हणाला, "शांत्याले बलाव."

तिने निरोप पाठवला. नुसता ये म्हणून पाठवला. त्यात आणखी एक वाक्य घालता आलं असतं. तिने ते घातलं नाही. दगा दाराकडे तोंड करून पडून राहू लागला. कोणी आलं की डोळे उघडी. मग एकदा, पाणी पाजत असताना, त्याने तिचं मनगट धरलं. त्या रविवारनंतर त्याविषयी तो पहिल्यांदाच बोलला, आणि शेवटचंच.

"तो उना तरी त्याले काही सांगू नको. मन्हा मांगे तुले तोच शे."

शांतीलाल आला नाही. दगा गेला. अग्नी भाऊबंदांतल्या एका लांबच्या पुतण्याने दिला.

तेरावं झालं, आणि लोक नको म्हणत असताना अनुसयाबाई एकटी गाडीत बसून खांडबाऱ्याला गेली. शाळेमागे त्याचं कौलारू घर होतं. रेवाबाईने दार उघडलं, ओळखलं, आणि काही न विचारता हातपाय धुवायला पाणी दिलं. शांतीलाल शाळेतून आला. कानांवरचे केस पिकले होते. त्याने भाबीचे पाय धरले आणि किती तरी वेळ सोडले नाहीत. जेवताना त्याने तिच्या ताटात स्वतः तूप वाढलं. मग म्हणाला, "भाबी, आते कोरीटमा एकली काबर ऱ्हास? आठेच ऱ्हाय." रेवाबाईनेही मान हलवली, मनापासून.

तिला हो म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. दगाने तिच्यासाठी जे राखून ठेवलं होतं ते हेच, आणि ते आयतं समोर आलं होतं. तेवढ्यात शांतीलाल सहज बोलून गेला, "दादाले त्यानी खुर्ची पुरनी. भाऊनी त्याले काय गरज व्हती."

हे तिला ऐकवलं नाही. इतकी वर्षं गावाने म्हटलं तेव्हा ऐकवलं होतं, पण ज्याला स्मशानात पोचवून आलो त्याच्याबद्दल, या पोराच्या तोंडून, ते ऐकवलं नाही.

"मूठ मी नही टाकी, शांत्या," ती म्हणाली. "त्यानी सकायमा सांगेल व्हतं माले. टाकजो म्हने. मीच नही टाकी."

मग तिने सगळं सांगितलं. सिंधू, भावाला दिलेला शब्द, सुपात परत सोडलेले गहू. काही लपवलं नाही. सांगत गेली तसतसं तिला हलकं वाटत गेलं, रडूही आलं आणि बरंही वाटलं. आता तो शिव्या देईल, चालती हो म्हणेल, म्हणू दे. तिची तयारी होती.

शांतीलालने शिव्या दिल्या नाहीत. तो म्हणाला, "मंग दादा काबर बोलना नही?"

"मन्हासाठे."

तो भिंतीला टेकून बसला. मग म्हणाला, "मी दवाखानाना दारलोंग उनू व्हतू, भाबी. आतून त्यान्हा खोकला आयकाले ये. मनमा उनं, आते बलावस, आते काय. आनि मांगे फिरनू."

त्याचा आवाज चढला नाही. तो भाबीकडे पाहतही नव्हता. तिच्यावर रागवायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं, तो आता स्वतःकडेच पाहत होता. त्या दारापासून आत किती पावलं होती ते मोजत असावा. अनुसयाबाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवायला हात उचलला आणि खाली घेतला.

रेवाबाई भांडी आवरत होती. ती शांतपणे, शाळेतल्या मराठीत म्हणाली, "तुम्ही मोकळ्या झालात, भाबी. यांचं आता काय?" बोलण्यात खोच नव्हती. तिला खरंच ते कळत नव्हतं.

तेव्हा अनुसयाबाईला दगाचं सांगणं उमगलं. त्याने तिला जपलं असं ती समजत होती. त्याला भावालाही जपायचं होतं. भाऊ खुर्चीपायी वागला, एवढ्यावर शांतीलाल सुखाने रागावून जगला असता. उभ्या संसारात दगाने तिला शांतीलालबद्दल दोनच गोष्टी बजावून सांगितल्या, आणि तिने दोन्ही ऐकल्या नाहीत.

संध्याकाळच्या गाडीला शांतीलाल तिला पोचवायला आला. गाठोडं त्याने स्वतःच्या हातात धरलं, डब्यात चढवताना तिला आधार दिला, खिडकीजवळची जागा पाहून बसवलं. "जपीसन जाय, भाबी," म्हणाला. इथेच राहा, असं तो पुन्हा म्हणाला नाही. गाडी हलेपर्यंत ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती, आणि तो मान खाली घालून उभा होता.